हातात धरायचा गेम कन्सोल: लेकीसाठी कोणता आणि माझ्यासाठी कोणता?

त्रिमूर्तीनगरकर

मंडळी, सल्ला हवा आहे. लेक चौथीत आहे, मी चाळिशी ओलांडलेला. गेम दोघांनाही खेळायचे असतात आणि फोन एकच, माझा. तिच्या हातात दिला की दर दोन मिनिटांनी जाहिरात, ती बंद करायच्या नादात भलतंच काहीतरी डाउनलोड, आणि मध्येच ऑफिसचा कॉल आला की रडारड. म्हणून गेमसाठी वेगळं यंत्र घ्यायचं ठरवलंय. टीव्हीला जोडायचं नको, टीव्हीवर आईच्या मालिका असतात. नागपूर-पुणे गाडीतही चालायला हवं.

बजेट पंचवीस हजार, फार ताणलं तर तीस. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एक चक्कर मारून आलो. समोर आलेले पर्याय असे: निंटेंडोचा स्विच लाइट, वापरलेला साधा स्विच, कुणीतरी बाहेरून आणलेला सेकंडहँड स्टीम डेक (संगणकाचे गेम चालवणारा; बजेटबाहेर, पण दुकानदार "बसवून देतो" म्हणाला), आणि पाच-सहा हजारांतले ते चिनी, ज्यात म्हणे दहा हजार गेम असतात.

माझं मत असं झालंय की निंटेंडो म्हणजे लहान पोरांचं आणि बाकीचे सगळे मोठ्यांचे. दोघांना पुरेल असं एक यंत्र कुणी बनवतच नाही, कारण मग दोन कशी खपणार? बायकोचं मत: सगळीच मोठ्यांची खेळणी, लेकीचं नाव नुसतं पुढे करायचं. तुमचं काय?

तर्रीपोहे

वहिनींना +१. धागा इथेच बंद करावा.

मानेवाडा_एक्सप्रेस

भाऊ, पोट्टी तं बहाणा हाय. घेऊन टाका, कायले इचारून राहिले?

जुनाट८बिट

"निंटेंडो म्हणजे पोरांचं" हे त्यांचे प्रतिस्पर्धी पस्तीस वर्षं सांगत आलेत, आणि सांगता सांगता एकेक जण दुकान बंद करून गेला. त्यामुळे जरा मागे जातो.

मुळात या प्रकाराचा जन्मच मोठ्या माणसामुळे झाला. निंटेंडोतल्या गुनपेई योकोई यांनी बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅलक्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहिला आणि त्यातून 'गेम अँड वॉच' सुचला, असं सांगतात. तो आला १९८० साली. खिशात मावणारा, कॅलक्युलेटरच्याच जातीचा स्क्रीन, एका यंत्रात एकच गेम, वर घड्याळ. म्हणजे साहेबांनी पकडलं तर वेळ बघत होतो म्हणायची सोय.

मग १९८९ ला गेम बॉय. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. कागदावर बघाल तर गेम बॉयने डिपॉझिट गमवायला हवं होतं. त्या दोघांना रंगीत, मागून उजळलेला स्क्रीन. याला हिरवट पाटी, चार छटा, आणि अंधारात काही दिसायचं नाही. सेगाने तर जाहिरातींतून याच बेरंगीपणाची टिंगल केली. पण लिंक्स १८० डॉलरला आणि गेम बॉय ९० ला. शिवाय ते दोघे सहा सहा पेन्सिल सेल घेऊन चार-पाच तासांत झोपायचे, हा चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा. योकोईंचं सूत्रच ते होतं: मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. निकाल काय? गेम गिअर एक कोटीच्या थोडा वर खपला. गेम बॉय, कलर मॉडेल धरून, जवळपास ११ कोटी ८७ लाख.

आणि तुमच्या मुद्द्याचं म्हणाल तर अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात मारिओ न देता टेट्रिस दिला होता. हेंक रॉजर्स या माणसाने निंटेंडो अमेरिकेच्या प्रमुखांना पटवलं की मारिओने लहान मुलं येतील, टेट्रिसने सगळेच येतील. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये केलेला खेळ, ना त्यात बाहुला ना गोष्ट. विमानात सूट घातलेली माणसं गेम बॉय खेळायला लागली ती त्यामुळे.

अजनी_यार्ड

म्हणजे गेम बॉय ही लुना आणि गेम गिअर बुलेट. कॉलनीत बघायचे सगळे बुलेटकडे, पण दळण टाकायला लुनाच निघायची.

तर्रीपोहे

लुनाला पेडल तरी होतं. सेल उतरले की गेम बॉयला काय?

जुनाट८बिट

सेल काढून स्लॅबवर उन्हात ठेवायचे. नागपुरात त्याचा तोटा नाही.

हनुमाननगरची_अंजू

तुमचा इतिहास छान आहे, पण आमच्या गल्लीत गेम बॉय कुणी डोळ्यांनी पाहिला होता? आमच्याकडे होता ब्रिक गेम. वर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत ठोकळे, गाडी, साप. तेच तीन-चार खेळ वेगवेगळ्या वेगाने मोजून नऊ हजार भरवले होते. भावाने तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन अख्ख्या वस्तीत फिरून जमवलेला बोजारा त्यात घातला, म्हणून पहिली पाळी कायम त्याची. त्याचा आवाज बंद करता यायचा नाही, निदान आम्हाला कधी जमलं नाही. रात्री लाईन गेली की सगळे अंगणात यायचे आणि आम्ही मेणबत्तीशी डोकी लावून ठोकळे रचायचो. शेवटी बाबांनी तो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाबांचाच स्कोअर सगळ्यात वर.

सदर_बझार

अंजूताई, हेच ते. "काढून घेतला" आणि "स्कोअर वर" या दोन वाक्यांत त्रिमूर्तीनगरकरांच्या पुढच्या सहा महिन्यांची गोष्ट आली.

पीएसपीप्रेमी

जुनाट यांचा इतिहास नेहमीप्रमाणे त्यांच्या आवडीच्या स्टेशनवर थांबला. पुढे जाऊ.

डिसेंबर २००४, जपान. निंटेंडो डीएस आणि सोनीचा पीएसपी दहा दिवसांच्या अंतराने बाजारात. डीएसला दोन छोटे स्क्रीन आणि एक प्लास्टिकची काडी. पीएसपीला ४.३ इंची रुंद स्क्रीन, काळं चकचकीत अंग, गाणी, सिनेमे, फोटो, वाय-फाय. हातात धरला की आपण मोठे झालो असं वाटायचं. सोनीने तो विशी-पंचविशीच्या लोकांसाठीच बनवला आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आठ कोटींच्या घरात खपला. निंटेंडोसमोर एवढा टिकलेला दुसरा हातातला कन्सोल दाखवा.

आणि आपल्याकडचं बोलायचं तर सोनीने पीएसपी भारतात रीतसर विकला, बिलासकट, वॉरंटीसकट. हैदराबादच्या एका स्टुडिओने त्यासाठी 'देसी अड्डा' नावाचा गेम काढला, त्यात कबड्डी, गिल्लीदांडू वगैरे होतं. निंटेंडोने भारतासाठी काय केलं? त्यांचं इथे आजही अधिकृत दुकान नाही. आमच्या कॉलेजात ज्याच्याकडे पीएसपी, त्याच्या खोलीत रात्रभर गर्दी. डीएस फक्त एकाकडे, तोही दुबईच्या मामाचा.

जुनाट८बिट

पीएसपी देखणा होता, मान्य. पण मोठी माणसं नेमकी कुणी पळवली ते बघा. २००५ साली निंटेंडोने डीएसवर मेंदूला व्यायाम देणारा गेम आणला, जपानी मेंदूशास्त्रज्ञ र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने. बेरजा-वजाबाक्या, शब्द आठवणं, आणि शेवटी 'तुमच्या मेंदूचं वय अमुक'. आयुष्यात गेमला हात न लावलेल्या पन्नाशी-साठीच्या लोकांनी त्यासाठी डीएस घेतला. डीएस १५ कोटी ४० लाख खपला. सोनी विशीतल्या पोरांना मोठं म्हणत बसली आणि निंटेंडोने थेट आज्या उचलल्या.

पीएसपीप्रेमी

जपानमधल्या आज्या. धरमपेठेतल्या नव्हे.

फक्तमोबाइल

एवढं सगळं वाचून एकच प्रश्न. २०११ नंतर हे कशाला? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. गेम फुकट. माझा पुतण्या फोनवर जे खेळतो ते पाहिलं तर तुमचा गेम बॉय संग्रहालयात ठेवाल.

सदर_बझार

हाच प्रश्न २०११ मध्ये सगळ्या जगाने विचारला होता. त्या वर्षी निंटेंडोचा थ्रीडीएस २५० डॉलरला आला आणि दुकानातच बसून राहिला. सहा महिन्यांच्या आत किंमत १७० वर आणावी लागली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला, आणि आधी जास्त पैसे मोजलेल्यांना वीस जुने गेम फुकट दिले. त्यानंतर तो सावरला, साडेसात कोटींच्या वर गेला.

सोनीने त्याच डिसेंबरात व्हिटा आणला. यंत्र म्हणून आजही सुंदर, माझ्याकडे आहे. पण त्याला फक्त सोनीचंच मेमरी कार्ड चालायचं आणि ते इतकं महाग की कार्ड घेतलं की गेमला पैसे उरत नसत. घरच्याच लोकांनी मारला त्याला. त्यानंतर सोनीने या रिंगणात उतरायचं सोडलं. २०२३ चा पोर्टल आहे, पण तो घरातल्या प्लेस्टेशनवरून चित्र ओढतो, स्वतःचं पोट नाही त्याला.

आणि "फोन आणि गेम एकात" हे नोकियाने २००३ मध्येच करून पाहिलं होतं. एन-गेज. गेम बदलायचा तर बॅटरी काढा, आणि बोलायचं तर फोन कानाला आडवा, कडेवर धरा. जगभर हसू झालं.

चिमणाबाई

मी दोन मुलांची आई, दोघं आठ आणि अकरा. इतिहास तुमचा तुम्हाला लखलाभ. मी हाताला काय लागतं ते सांगते.

वजन. स्विच लाइट पावकिलोच्या थोडा वर, २७५ ग्रॅम. साधा स्विच चारशेच्या आसपास. पहिला स्टीम डेक ६६९ ग्रॅम. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो धरून बसवा, दहा मिनिटांत मांडीवर उशी येते, मग मान खाली, मग पाठीचा धनुष्य. मोठ्या माणसालाही तो पोटावर टेकवून खेळावा लागतो, पण मोठ्यांना तेवढं पोट असतं.

फोन आणि कन्सोल यातला फरक मला विचाराल तर बटणं नाही. फोनवरचा 'फुकट' गेम मुलाला थांबू देत नाही. रोज या, नाही आलात तर बक्षीस गेलं, इतके हिरे विकत घ्या. कन्सोलचा बरा गेम एकदा पैसे घेतो आणि गप्प बसतो. एक टप्पा संपला की मूल स्वतःहून खाली ठेवतं. नेहमी नाही, पण ठेवतं.

स्विचचं कार्ड नखाएवढं असतं, पोर तोंडात घालेल म्हणून निंटेंडोने त्याला मुद्दाम कडू लेप दिलाय. धाकट्याने चाटून पाहिलं, मग मोठ्याला चाटायला लावलं, मग बाबांना. मी नकार दिला.

तर्रीपोहे

बाबांनी चाटलं हे वाचून धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं असं नोंदवतो.

बर्डीचा_सोल्डर

उशिरा आलो. माझं दुरुस्तीचं काम आहे, कन्सोल आणि कंट्रोलर. कंपन्यांची भांडणं तुम्ही लढा, माझ्या टेबलावर सगळे सारखेच येतात.

नागपुरात घेताय म्हणून आधी ऊन. निंटेंडो स्विचसाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगतं, स्टीम डेकची वरची मर्यादाही ३५. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५. कूलरच्या खोलीत चालतं, काही अडत नाही. पण गाडीच्या डॅशबोर्डवर, स्लॅबच्या खोलीतल्या कपाटात, किंवा उशीखाली चार्जिंगला लावून झोपलात तर बॅटरी फुगते. दर उन्हाळ्यात असे येतात: मागचं झाकण वर आलेलं, स्क्रीन कडेने उचललेला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, "थोडे दिवस चालेल" म्हणायचं नाही. बरेच दिवस वापरायचं नसेल तर अर्ध्या चार्जवर ठेवा, पूर्ण भरून नको. आणि कूलरच्या अगदी तोंडाशी बसून खेळू नका. आत पंखा असतो, तो ती ओली हवा आणि धूळ दोन्ही ओढतो.

दुसरं, काठी. जॉयस्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर एक बारीक पत्रा घासत फिरतो. पट्टी झिजली, धूळ बसली की हात न लावता गेममधला माणूस आपोआप चालायला लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. स्विचमध्ये हा रोग सगळ्यांना माहीत आहे. आता चुंबकावर चालणाऱ्या काठ्या मिळतात, त्यात घासणं नाही म्हणून झीज फार कमी. साध्या स्विचमध्ये बाजूचे कंट्रोलर निघतात, त्यामुळे तीन पाकळ्यांचा स्क्रू-ड्रायव्हर असला तर काठी बदलणं सोपं. लाइटमध्ये कंट्रोलर अंगातच आहेत, म्हणजे काठीसाठी अख्खं यंत्र उघडा. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा काठीचे एवढे पैसे?" पैसे काठीचे नसतात, उघडण्याचे असतात.

सेकंडहँड घेताना दुकानात उभ्या उभ्या बघा. सेटिंगमध्ये काठी तपासायचा स्क्रीन आहे, त्यात काठी सोडल्यावर खूण मध्ये येते का. कार्ड घालून-काढून पुन्हा वाचतो का. बाजूचे कंट्रोलर रुळावर हलतात का. आणि ऑनलाइन दुकान उघडतं का. हे शेवटचं लोक विसरतात. चोरीचे गेम घातलेल्या यंत्रावर निंटेंडो बंदी घालतं, मग ते यंत्र ऑनलाइन जात नाही, आणि असली यंत्रं हमखास स्वस्तात फिरत असतात.

वॉरंटी? इथे कंपनीच नाही तर वॉरंटी कुठली. बिलावर पेनाने लिहिलेलं 'सहा महिने' म्हणजे दुकानदाराचा मूड.

मानेवाडा_एक्सप्रेस

सोल्डरभाऊ, पीएसपीची बॅटरी फुगली हाय माझी. मागचं झाकण लागूनच नाही राहिलं.

बर्डीचा_सोल्डर

ती हाताने निघते. काढून बाजूला ठेवा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. नवी टाकताना नावाला भुलू नका, 'ओरिजिनल' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक नकलीच असतात.

त्रिमूर्तीनगरकर

एवढ्या प्रतिसादांबद्दल सगळ्यांना धन्यवाद. सोल्डर यांचा प्रतिसाद प्रिंट काढून दुकानात नेणार आहे. त्या चिनी खोक्यांबद्दल मात्र कुणी बोललं नाही. सहा हजारांत दहा हजार गेम म्हणजे गेमला साठ पैसे.

रेट्रो_रामदासपेठ

बोलतो. माझ्याकडे आहे, लिनक्सवर चालणारा, तळहाताएवढा. गेम बॉयपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं मस्त चालतं. लहान मुलांना द्यायला उत्तम, कारण त्यात इंटरनेट नाही, जाहिरात नाही, आणि पडला तर सहा हजार गेले, चाळीस नाही. माझ्या मते आजच्या घडीला गेम बॉयचा खरा वारस हाच. मुरलेली चिप, स्वस्त स्क्रीन, भरपूर बॅटरी.

एक सांगतो: त्यासोबत येणारं मेमरी कार्ड पहिल्या दिवशी बदला. ती कार्डं इतकी भिकार असतात की सेव्ह केलेलं सगळं एक दिवस उडतं.

पीएसपीप्रेमी

आणि त्या कार्डातले दहा हजार गेम कुणाच्या मालकीचे? निंटेंडो घालतं त्या बंदीची चर्चा झाली, इथे मात्र सगळे गप्प.

रेट्रो_रामदासपेठ

पीएसपीवाल्याने हे विचारावं? कॉलेजात रात्रभर गर्दी असलेल्या त्या खोलीत मेमरी स्टिकवर काय होतं ते सांगा आधी.

पीएसपीप्रेमी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ

डाउनलोडच्या दुव्यांचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. यंत्र विकत घेणं वेगळं आणि त्यातले गेम वाटणं वेगळं. दुसऱ्यावर इथे चर्चा नको.

बालरोगवाली

डॉक्टर म्हणून थोडं. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. यात टीव्ही, फोन, टॅब सगळं आलं, कन्सोलला वेगळा कोटा नाही. "पण हा चांगला गेम आहे" म्हणून तास वाढत नाहीत. बाकी लहान स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब धरलाय आणि मूल रोज बाहेर उजेडात खेळतंय का, हे ब्रँडपेक्षा महत्त्वाचं.

चिमणाबाई

डॉक्टरताई, एप्रिल-मेमध्ये नागपुरात बाहेर उजेडात खेळायला सकाळी सातच्या आत उठावं लागतं. आमच्याकडे त्या वेळी कुणी उठत नाही, आईसुद्धा.

बालरोगवाली

उठत नाही हे मलाही माहीत आहे. संध्याकाळी सहानंतर अंबाझरी तलाव आहे, फुटाळा आहे.

अजनी_यार्ड

मूळ प्रश्नावर कुणीतरी या. माझं गणित: माणसं दोन आणि यंत्र एक असेल तर लाइट बाद, कारण वेगळे कंट्रोलर घेतल्याशिवाय त्यावर एका वेळी एकच खेळणार आणि भांडण तिथेच. साध्या स्विचचे बाजूचे दोन कंट्रोलर काढून एकेक दोघांनी घ्यायचा, स्क्रीन मागच्या पायावर बर्थच्या टेबलावर उभा करायचा, एसी थ्रीला साइड लोअर मिळाली की झालं. पहिल्या मॉडेलचा तो पाय मात्र कचकड्याचा आहे, गाडी हलली की स्क्रीन आडवा. नंतरच्या ओएलईडी मॉडेलचा पाय रुंद आहे.

स्टीम डेक आणि असूसचा आरओजी ॲलाय, हे खरे मोठ्यांचे. ॲलाय भारतात २०२३ मध्ये ६९,९९० ला आला. तो हातात धरायचा संगणक आहे: विंडोज अपडेट होतंय, थांबा. दिवसभर ऑफिसात तेच करून घरी येऊन पुन्हा तेच कुणाला हवं असेल तर घ्या. जड गेम लावला की दोन तासांच्या आत चार्जर शोधा. १९९० च्या गेम गिअरचीच कथा, फक्त सेलच्या जागी पॉवर बँक.

जुनाट८बिट

शेवटच्या वाक्याला टाळ्या. तरी डेकच्या बाजूने एक गोष्ट: संगणकावर आधी घेतलेले गेम त्यावर चालतात, पुन्हा पैसे नाहीत. निंटेंडोचे गेम वर्षानुवर्षं स्वस्त होत नाहीत. त्रिमूर्तीनगरकर, यंत्राच्या किमतीवर अडकू नका. कार्डावरचे गेम घ्या, डाउनलोड नको. कार्ड परत विकता येतं, उसनं देता येतं. स्विच २ वर काही गेमची 'की-कार्ड' निघालीत, कार्ड घातलं तरी गेम उतरवावाच लागतो, त्यातलं घेऊ नका.

त्रिमूर्तीनगरकर

घेतला. वापरलेला स्विच, ओएलईडी, दोन कार्डांसकट, बजेटपेक्षा थोडं वर. दुकानात काठी तपासली, कार्ड घालून-काढून पाहिलं, ऑनलाइन दुकान उघडून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमीच दुरुस्ती करता काय?"

लेक शर्यतीच्या गेममध्ये मला हरवते, तो भाग सोडा. अडचण वेगळीच झाली आहे. पालकांसाठीचं ॲप आहे, त्यात रोजची वेळ ठरवता येते. ते बायकोच्या फोनवर टाकलं, रोज एक तास. लेक सात वाजता तिचा तास संपवते. मी रात्री दहाला घेऊन बसलो की स्क्रीनवर पाटी: आजची वेळ संपली. माझं वेगळं खातं आहे तरी! मोठ्यांना वगळायची सोय कुठे आहे?

चिमणाबाई

नाही. ती मर्यादा यंत्राला लागते, माणसाला नाही. आमच्याकडेही रात्री दहाला कुणीतरी असाच उसासा टाकतो.

तर्रीपोहे

पिन कुणाकडे आहे?

त्रिमूर्तीनगरकर

तिच्याचकडे. मागितला तर म्हणाली, आधी डॉक्टरांची सूचना वाच. हा धागा ती वाचते हे आता कळलं.

बालरोगवाली

सूचना दहा वर्षांपर्यंतच्या मुलांची सांगितली होती. बाकी तुमचं तुम्ही बघा.

सदर_बझार

पिन टाकला की त्या दिवसापुरती मर्यादा उठते, तेव्हा तहाची बोलणी करा. दरम्यान, कोणती दोन कार्डं मिळाली? माझ्याकडे झेल्डा पडून आहे, दोनदा संपवला. शर्यतीचं कार्ड महिनाभर दिलंत तर अदलाबदल करू.

त्रिमूर्तीनगरकर

शर्यतीचं लेक देणार नाही. दुसरं फुटबॉलचं आहे, चालेल?

सदर_बझार

चालेल. शनिवारी बर्डीच्या मेट्रो स्टेशनला, सहा वाजता. डबीत घालून आणा, नुसतं खिशात नको.

बर्डीचा_सोल्डर

आणि दोघांनीही घालण्याआधी सोनेरी टोकं कोरड्या मऊ कापडाने पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकी बसते आणि महिन्याभराने माझ्याकडे येता.